शिरेवर शीर चढली म्हणे!

दिवाळी सरली, भातकापणी आटोपली की आपल्या जिल्ह्यात वाडीवाडीत टेनिस बॉल क्रिकेटचं वारं सुटतं. मळ्यांत पीच तयार होतात, नाक्यावर बक्षिसांचे बॅनर लागतात आणि मग पार मे महिन्यापर्यंत दर रविवारी कुणाचा ना कुणाचा खांदा दुखत असतो. आत्ताच चहा पिऊन मैदानात उतरायचं, अंग गरम नाही काही नाही, आणि दुसऱ्याच ओव्हरला बाउंड्रीवरून थेट स्टंपात थ्रो मारायचा. बॉल हलका, मग वॉर्मअप कशाला? रात्री शर्ट काढताना हात वर जात नाही. घरी सांगितलं की उत्तर ठरलेलं: ‘काय नाय रे, शिरेर शीर चडली आसतली. तेल लावन चोळ, सकाळी बरो व्हतलस!’

गंमत म्हणजे बऱ्याचदा खरंच बरं वाटतं. म्हणून तर हे निदान पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. पण वैद्यकशास्त्रात ‘शिरेवर शीर चढणे’ असा आजारच नाही. शिरेतून रक्त वाहतं, ती कुणावर चढत नाही. दुखतो तो कधी स्नायू, कधी स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी म्हणजे टेंडन, कधी सांध्याभोवतीचं आवरण, कधी नस आणि कधी चक्क हाड. या एका नावाखाली आपण निदान आठ-दहा वेगवेगळी दुखणी ढकलतो आणि त्यांचे उपचार एकमेकांच्या अगदी उलट असतात. एका दुखण्यात हात हलवलाच पाहिजे, दुसऱ्यात हलवायचाच नाही. एक सहा महिन्यांत आपोआप निवळतं, दुसऱ्याला सहा तास उशीर झाला तर हात कायमचा जाऊ शकतो. तेल-मालिश मात्र सगळ्यांना एकच!

बशीवरचा नारळ

आधी खांदा समजून घेऊ. शरीरातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा हा. पुढे, मागे, वर, गोल, कसाही फिरतो. या स्वातंत्र्याची किंमत मोजावी लागते. खुब्याचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याची वाटी मात्र इतकी उथळ की बशीवर नारळ ठेवावा तसा प्रकार. नारळ घरंगळू नये म्हणून बशीच्या काठाला कूर्चेची एक कड असते, तिला लॅब्रम म्हणतात. भोवती अस्थिबंध आणि चार छोट्या स्नायूंचा एक पट्टा असतो. त्या पट्ट्याचं नाव रोटेटर कफ. जिममध्ये आपण ज्यांना ‘शोल्डर’ म्हणून फुगवतो ते बाहेरचे स्नायू वेगळे. आतले हे चार जण आरशात दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. पण हात वर करताना चेंडू वाटीच्या मध्यावर धरून ठेवण्याचं काम त्यांचंच.

हात ‘भायर इलो’

आपल्या वयात खांद्याचं सगळ्यात धोक्याचं दुखणं म्हणजे सांधा निखळणं. कबड्डीत पकड करताना, डाइव्ह मारताना, बाइक घसरून हातावर पडताना हे होतं. निखळलेला खांदा बहुतेक वेळा पुढच्या बाजूला सरकतो. गोलाई जाऊन खांदा चपटा, कोनासारखा दिसतो आणि मुलगा हात दुसऱ्या हाताने धरून बसतो, हलवूच देत नाही.

इथे मैदानावरचा ‘एक्सपर्ट’ पुढे येतो. प्रत्येक टीममध्ये असा एक असतोच. तो काखेत पाय लावतो, हात खेचतो, ‘टक्‌’ असा आवाज होतो आणि टाळ्या पडतात. खांदा बसतोही. पण आत हाड मोडलेलं असेल, तर त्या खेचण्यात तुकडा आणखी सरकू शकतो. खांद्याला वळसा घालून जाणारी एक नस असते, ती ताणली गेली तर दंडाच्या वरच्या भागावर, शाळेच्या गणवेशावर बिल्ला शिवतात साधारण त्या जागी, स्पर्श कळेनासा होतो. हॉस्पिटलमध्ये म्हणूनच आधी ती जागा तपासतात, मनगटाची नाडी बघतात, एक्स-रे काढतात, मग स्नायू सैल करणारं औषध देऊन हळूच सांधा बसवतात आणि पुन्हा एक्स-रे काढतात. मैदानावर आपण करायचं एवढंच: हात आहे त्या स्थितीत ओढणीच्या किंवा टॉवेलच्या झोळीत अडकवायचा, बोटांतल्या अंगठ्या काढायच्या, कापडात गुंडाळून बर्फ लावायचा आणि गाडी काढायची. खायला-प्यायला काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते.

खरी गोष्ट पुढेच आहे. खांदा बसला, पंधरा दिवसांत दुखायचा थांबला, म्हणजे विषय संपला असं आपण धरतो. प्रत्यक्षात विशीच्या आसपास पहिल्यांदा खांदा निखळलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा तो पुन्हा निखळतो. वय जितकं कमी आणि खेळ जितका अंगाला अंग भिडणारा, तितका धोका जास्त. कारण पहिल्याच वेळी बशीची ती कड पुढच्या बाजूने उखडलेली असते आणि ती नेहमीच जागेवर नीट जुळून येत नाही. ब्लंडेल बँकार्ट या इंग्रज सर्जननी १९२३ मध्ये याबद्दल लिहिलं, म्हणून या इजेला बँकार्ट लीजन म्हणतात. मग दुसऱ्या वेळी कमी जोरात निखळतो, तिसऱ्या वेळी बॉल टाकताना आणि पुढे पुढे तर झोपेत कूस बदलतानाही. काही मुलं याचं कौतुक करून घेतात, ‘माझा हात काढून दाखवू?’ म्हणून. असला शो बघू नका, करू तर अजिबात नका. दर वेळी वाटीचं हाड काठावर थोडं झिजतं आणि चेंडूच्या पाठीला खळगा पडत जातो.

या झिजण्यावरच ऑपरेशनचा प्रकार ठरतो. हाड शाबूत असेल, तर दुर्बिणीतून, दोन-तीन छोट्या छिद्रांतून उखडलेली कड पुन्हा शिवता येते. हाड बरंच गेलं असेल, तर नुसत्या शिवणीवर भागत नाही. खांद्याच्या पुढच्या बाजूच्या हाडाचा एक तुकडा आणून वाटीच्या काठाला स्क्रूने बसवावा लागतो. तिला लाटार्जे शस्त्रक्रिया म्हणतात. म्हणजे पाच-सहा वेळा निखळेपर्यंत थांबणं हे काही सहनशीलतेचं लक्षण नाही. त्यात छोट्या ऑपरेशनचं मोठं ऑपरेशन होतं.

श्रेयस अय्यर आठवतो? २३ मार्च २०२१, पुणे, इंग्लंडविरुद्धचा पहिला वनडे. फील्डिंग करताना डाइव्ह मारली आणि डावा खांदा अर्धवट निखळला. ८ एप्रिलला ऑपरेशन झालं. आयपीएलचा पहिला टप्पा हुकला, दिल्लीचं कॅप्टनपद रिषभ पंतकडे गेलं. सप्टेंबरमध्ये तो मैदानात परतला आणि नोव्हेंबरमध्ये कानपूरला पहिल्याच टेस्टमध्ये शतक ठोकलं. आपल्याकडच्या पोरांना यातलं शतक लक्षात राहतं. मधले पाच महिने, त्यातला रोजचा रबर बँडचा कंटाळवाणा व्यायाम, हे कुणाच्या रीलमध्ये येत नाही.

खांदा ‘बाहेर येतोय’ असं नुसतं वाटतं, पूर्ण येत नाही, असंही असतं. त्यासाठी डॉक्टर एक साधी टेस्ट करतात. तुम्हाला झोपवून हात थ्रो मारायच्या पोझिशनमध्ये नेतात आणि हळूहळू मागे ढकलतात. त्या वेळी ते हाताकडे कमी आणि तुमच्या तोंडाकडे जास्त बघत असतात. चेहऱ्यावर दुखल्याचे नाही, तर ‘आता निघणार’ अशा भीतीचे भाव आले, की बरंचसं निदान तिथेच होतं. एमआरआय नंतरचा.

कोपराला तेल? कोपरापासून नमस्कार!

मे महिना, आंब्या-जांभळाची झाडं आणि सुट्टीला आलेली पोरं. हात टेकून पडणं आलंच. कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडणं हे लहान मुलांमधलं अगदी नेहमीचं फ्रॅक्चर आहे. आपल्या घरात धाकटा भाऊ, भाची, शेजारचं पोर असतंच, म्हणून हा भाग नीट वाचा.

कोपर सुजलं, सरळ होत नाही, म्हणून ते रोज तेल लावून चोळायचं आणि जोर लावून सरळ करायचं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. कोपर हा या बाबतीत फार रागीट सांधा. मार लागलेल्या कोपराला असं रगडलं, तर आत साचलेलं रक्त आणि दुखावलेला स्नायू यांच्या जागी चक्क नवं हाड तयार होऊ लागतं. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. महिन्या-दीड महिन्याने एक्स-रे काढला की स्नायूच्या जागी ढगासारखं पांढरं हाड दिसतं आणि कोपर एका कोनात अडकून बसतं. तोंडापर्यंत घास नेता येत नाही. ज्या मालिशीने हात मोकळा व्हायचा, तिनेच तो जखडला जातो. भारतातल्या हाडांच्या डॉक्टरांना हे कोपर पुस्तकात शोधावं लागत नाही, ओपीडीत दिसतं.

दुसरा धोका पट्टीचा. बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधलेला हात सुजत जातो, बांधलेलं सैल होत नाही आणि आतला रक्तपुरवठा तुटतो. जर्मन सर्जन रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्येच घट्ट बांधण्यामुळे आखडलेल्या, पंजासारख्या झालेल्या हाताचं वर्णन केलं होतं. कामट्याच असायला हव्यात असंही नाही, घट्ट प्लास्टरनेसुद्धा हे होतं. खुणा लक्षात ठेवा: बांधल्यावर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातं, बोटं कुणी सरळ केली तर मूल किंचाळतं, बोटांना मुंग्या येतात, ती फिकी किंवा गार पडतात. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही. बांधलेलं सोडायचं आणि रात्रीच हॉस्पिटल गाठायचं. सहा तासांची गोष्ट वर म्हटली ती हीच.

हाडवैद्यांना झोडपणं सोपं आहे. पण लोक त्यांच्याकडे का जातात, तेही बघायला हवं. ते वाडीत असतात, रात्री दार उघडतात, पैसे परवडतात. हाडांचा डॉक्टर कुडाळ, कणकवली किंवा ओरोसला, आणि गाव देवबागसारखं टोकाला असेल तर शेवटची एसटी कधीच गेलेली. वर्षानुवर्षं आपल्याकडची गंभीर केस म्हणजे बांबोळी, गोवा, हे समीकरण आहे. आता ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज झालं आहे. तरी हाताला मार लागल्यावर पहिला एक्स-रे काढायला गोव्याला जायची गरज नाही, हे घरच्यांना पटवणं आपल्याला जमण्यासारखं आहे.

सचिनचं कोपर आणि आईची खवणी

टेनिस एल्बो हे नाव आपल्या घराघरात पोचवलं सचिन तेंडुलकरने. २००४ च्या ऑगस्टमध्ये हॉलंडच्या दौऱ्यात त्याचं डावं कोपर दुखू लागलं. चॅम्पियन्स ट्रॉफी हुकली, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन टेस्ट हुकल्या. मे २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन झालं आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध तो परतला तो ९३ रन्स काढूनच. त्या काळात लहानग्या अर्जुनची बॅटसुद्धा उचलता येत नव्हती, असं त्याने पुढे सांगितलंय.

पण हे दुखणं टेनिसवाल्यांचं किंवा क्रिकेटवाल्यांचं नाही. १८७३ मध्ये रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने त्याबद्दल पहिल्यांदा लिहिलं, ते लिहून लिहून हात दुखणाऱ्या लोकांच्या संदर्भात. टेनिसचं नाव त्याला दहा वर्षांनी चिकटलं. म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पुरी करणारे आपण या आजाराचे मूळ मानकरी!

मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका छोट्याशा जागी बांधलेले असतात. होडी खांबाला बांधावी, तशी ही दोरी. मूठ घट्ट आवळून मनगट पुन्हा पुन्हा वापरलं की दोरी खांबापाशी कुरतडली जाते. कपडे पिळणं, नारळ खवणं, माशांचं टोपलं उचलणं, स्क्रू पिळणं, सगळ्यात हाच ताण. घरी करून बघायची टेस्ट: तळवा जमिनीकडे ठेवून खुर्ची पाठीला धरून उचला. कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ आली, आणि तळवा वर ठेवून एखादी वस्तू उचलताना ती आली नाही, तर संशय घ्यायला जागा आहे. आतल्या बाजूला दुखत असेल तर त्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. मालवणात गोल्फ कुणी खेळत नाही, तरीही होतो.

टेनिस एल्बो बहुतेकांचा वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरा होतो. सचिनसारखं ऑपरेशन फार थोड्यांना लागतं. उपाय दोन: कळ येणारं काम काही दिवस बदलायचं, म्हणजे तळवा वर करून उचलायचं आणि पिळायचं काम दुसऱ्या कुणालातरी द्यायचं (घरात आपण असतोच), आणि मनगटाचे हळूहळू वजन वाढवत न्यायचे व्यायाम, जे फिजिओथेरपिस्टकडून शिकावे लागतात. ‘एक इंजेक्शन मारा, मोकळं करा’ हा आग्रह मात्र धरू नका. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने पहिले काही आठवडे झकास वाटतं. पण वर्षभरानंतर तपासलं तर इंजेक्शन घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा मागे राहिलेले दिसतात, हे एकाहून अधिक अभ्यासांत आढळलं आहे.

नीरज चोप्राची गोष्ट वेगळी. भाला फेकताना कोपरावर येणारा ताण प्रचंड असतो. त्याच्या उजव्या कोपराचं ऑपरेशन ३ मे २०१९ ला मुंबईत झालं. त्या वर्षीची वर्ल्ड चॅम्पियनशिप गेली. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटर फेकून तो ऑलिंपिकला पात्र ठरला, आणि ७ ऑगस्ट २०२१ चं टोकियो तर तोंडपाठ आहे. कोपर मध्येच अडकतं, पूर्ण वाकत किंवा सरळ होत नाही, आत काहीतरी सुटल्यासारखं वाटतं, अशा वेळी व्यायाम रेटत राहू नका. आत हाडाचा किंवा कूर्चेचा तुकडा फिरत असू शकतो.

आणि हो, आपली खास दुखणीही आहेत. रात्री कोपर दुमडून तासन्‌तास फोन कानाशी किंवा डोळ्यांसमोर धरला की करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. कोपर आपटल्यावर जिथे करंट बसतो, तीच नस ही. हात सरळ करा, इअरफोन लावा, कोपर टेबलाच्या काठावर टेकू नका. महिनाभरात फरक पडला नाही किंवा बोटांतली ताकद कमी वाटली तर दाखवा. कोपराच्या टोकावर लिंबाएवढी मऊ सूज आली तर तिला इंग्रजीत चक्क ‘स्टुडंट्स एल्बो’ म्हणतात, बाकावर कोपर टेकून बसण्यावरून. बहुधा निरुपद्रवी असते. लाल, गरम झाली आणि ताप आला तर मात्र इन्फेक्शन समजायचं.

समुद्रावरचे खांदे

दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली आहे ना? समुद्रात अर्धगोल सोडलेलं जाळं, दोन टोकांना दोन रांगा, आणि पाय वाळूत रोवून मागे मागे सरकणारी माणसं. जुने रापणकार दोर नुसत्या हातांनी खेचत नाहीत. अख्ख्या अंगाचं वजन मागे टाकतात. नवखा माणूस दंडाने खेचतो आणि दुसऱ्या दिवशी खांदा धरून बसतो. फिजिओथेरपिस्ट जे पैसे घेऊन शिकवतात, त्यातलं बरंच किनाऱ्यावर फुकट बघायला मिळतं. तरी चाळिशी-पन्नाशी ओलांडल्यावर वर्षानुवर्षांच्या ओढण्याने रोटेटर कफ विरतोच. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात कळ येते, पूर्ण वर गेला की कमी होते आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, ही त्याची खूण. कफ फाटलाय का, हे एक्स-रेत दिसत नाही. सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसतं. डिसेंबरात चिवला बीचवर होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेची तयारी करणाऱ्यांनाही हाच कफ छळतो, कारण आधी अंतर वाढवलं जातं, ताकद नंतर.

तारकर्ली-मालवणात स्कूबावर काम करणाऱ्या मित्रांसाठी एक वेगळी सूचना. खोल किंवा लागोपाठ बुड्या मारून पटकन वर आलं की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि त्यांचं दुखणं बऱ्याचदा खांद्यात नाहीतर कोपरात उमटतं. पर्यटकांच्या उथळ बुडीत हा धोका फार कमी. पण दिवसभर बुड्या मारणाऱ्याला काही तासांतच खांद्यात खोलवर, हात हलवला काय नि न हलवला काय, सारखंच ठणकू लागलं, तर ते सिलिंडर उचलल्यामुळे आहे असं धरून बसू नका. डॉक्टरला पहिलं वाक्य ‘मी आज डायव्हिंग केलंय’ हे सांगा. त्याचा उपचार ऑक्सिजन आणि प्रेशर चेंबर हा आहे, मलम नाही.

तसंच डावा खांदा-हात दुखतोय, छाती भरून आलीय, घाम फुटलाय, असं घरातल्या मोठ्या माणसाला झालं तर तो खांदा खांद्याचा नाही, हृदयाचा समजायचा. चोळत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

हायवेवरचा लुळा हात

बाइकवरून फेकला गेलेला मुलगा खांद्यावर आपटतो, डोकं एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ताणला जातो. मानेतून हातात येणारा नसांचा जुडगा त्यात ताणला जातो, कधी मुळातून उपटला जातो. एक्स-रेत काही मोडलेलं दिसेलच असं नाही. हात मात्र लुळा लटकतो. हेल्मेटने डोकं वाचतं, पण या नसांना ते वाचवू शकत नाही. घरचे म्हणतात, ‘जीव वाचला, हात येईल हळूहळू.’ काही हात खरंच येतात. पण जे येत नाहीत, त्यांच्या नसांच्या ऑपरेशनची चांगली वेळ अपघातानंतरच्या पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच असते. नंतर स्नायू वाळत जातात आणि मग नस जोडूनही उपयोग होत नाही. दीड-दोन महिन्यांत हातात हालचाल दिसत नसेल तर ‘नसांच्या सर्जनला कधी दाखवू?’ हे स्वतःहून विचारा. मुंबईला जावं लागेल, ही अडचण खरी आहे. पण वर्षाने गेलात तर तीच मुंबई फार कमी देऊ शकते.

आईचा अंबाडा

घरात एक खांदा हमखास दुर्लक्षित असतो, तो आईचा. अंबाडा घालता येत नाही, वळेसर माळायला कुणालातरी हाक मारावी लागते, ब्लाउजचा हात घालताना डोळ्यांत पाणी येतं. ‘वय झालं’ म्हणून ती गप्प राहते. हा बहुधा फ्रोझन शोल्डर. सांध्याभोवतीचं आवरण आकसून जाड होतं. चाळीस ते साठ या वयात, बायकांमध्ये जास्त, आणि डायबेटिस किंवा थायरॉइड असेल तर आणखी जास्त. हे नाव बॉस्टनच्या कॉडमन या सर्जननी १९३४ मध्ये दिलं.

ओळखायचं कसं? तिला कोपर कमरेला चिकटवून ठेवायला सांगा आणि हाताचा पंजा बाहेरच्या बाजूला, दार उघडल्यासारखा, न्यायला सांगा. दुखऱ्या बाजूचा हात मध्येच अडकतो. मग तुम्ही हलकेच न्यायचा प्रयत्न करा. तुमच्यानेही जात नसेल, तर तो गोठलेला खांदा असण्याची शक्यता मोठी. कफच्या दुखण्यात बहुधा तिच्याने जात नाही, पण दुसऱ्याने नेला तर जातो. एवढा हा फरक, पण उपचार त्यावर ठरतो.

हे दुखणं आधी ठणकतं, मग घट्ट होतं, मग सुटत जातं. सगळं मिळून वर्ष ते तीन वर्षं. ठणकण्याच्या काळात जोरजबरदस्तीचे व्यायाम उलटे पडतात. त्या वेळी दुखणं कमी करणारी औषधं, गरम शेक आणि हलकी हालचाल. टेबलावर एक हात टेकून वाकायचं आणि दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा सोडून झुलवायचा, हा कॉडमनच्याच नावाने ओळखला जाणारा व्यायाम. टेनिस एल्बोच्या उलट, इथे सुरुवातीच्या काळात सांध्यात दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन बऱ्याच जणांना खरोखर उपयोगी पडतं; फक्त डायबेटिस असेल तर काही दिवस शुगर वाढते, ती बघावी लागते. फार थोड्यांना भूल देऊन सांधा मोकळा करावा लागतो किंवा दुर्बिणीतून आवरण सोडवावं लागतं. आईचा खांदा गोठला आणि तिची शुगर कधीच तपासलेली नसेल, तर ती आधी तपासून घ्या. कधी कधी डायबेटिस सापडतो तो या खांद्याच्या निमित्ताने.

डॉक्टरकडे जाताना

‘हात दुखतो’ एवढंच सांगून निदान होत नाही. जागा एका बोटाने दाखवा, कारण बोट ठेवता येणं आणि अख्खा तळवा फिरवावा लागणं यातही डॉक्टरला माहिती मिळते. कधीपासून, काय करताना, रात्री जाग येते का, बोटांना मुंग्या येतात का, मान वळवल्यावर वाढतं का (अनेक ‘खांदे’ मुळात मानेचे असतात) हे आधी आठवून ठेवा. टॅक्सीसारखा थेट एमआरआय बुक करू नका. आधी तपासणी, मग साधा एक्स-रे, मग गरज असेल तर पुढचं. ऑपरेशन सांगितलं तर ते महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या.

आणि ती एक्स-रेची पिवळी पाकिटं अडगळीत टाकू नका. खांदा पहिल्यांदा कधी निखळला, कुठल्या बाजूचा, कुणी बसवला, हे पाकिटावरच पेनाने लिहून ठेवा, जमलं तर फिल्मचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सअॅप करा. दोन वर्षांनी कुठल्या तरी ओपीडीत नव्या डॉक्टरसमोर बसलात की ते पहिलं हेच विचारतील.